पाण्याचा वाडगा

दुरुस्तीवाल्याने गिटार खिडकीच्या उजेडात धरली. "माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे ही, काका. असं लाकूड आता मिळत नाही. पण ही चीर कधी पडली?"

"याच हिवाळ्यात. हिला तळहातावरच्या फोडासारखं जपलंय मी. चाळीस वर्षांत बायकोलासुद्धा हात लावू दिला नाही."

"लाकूड सुकलंय. खोलीत हीटर लावता ना? मग शेजारी पाणी ठेवायला हवं, हवेत ओलावा राहतो. इतकी वर्षं टिकली म्हणजे कुणीतरी ठेवत असणार."

काकांना घरची खोली आठवली. गिटारच्या स्टँडमागे हिवाळाभर एक वाडगा भरलेला असायचा. पाय लागून तो लवंडला की ते बायकोवर खेकसायचे, "हा काय पसारा मांडून ठेवलायस?" ती मुकाट्याने फरशी पुसायची आणि वाडगा पुन्हा भरून ठेवायची.

"घरी एकदा विचारून बघा," दुरुस्तीवाला म्हणाला.

काकांनी नुसती मान हलवली. बायको वारल्यावर खोली आवरायला घेतली, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी तो वाडगाच फेकून दिला होता.