हँडब्रेकची वायर

डॅशबोर्डची पट्टी टक् आवाज करून सुटली आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुटली नाही, ताई," फिटर म्हणाला. "क्लिपांवर बसवलेली असते, अशीच निघते."

लाल स्पोर्ट्‌स कार दुकानाच्या दारातच उभी होती, जमिनीला चिकटल्यासारखी बुटकी. बाई ती स्वतः चालवत आल्या होत्या. उतरताना मात्र दाराची कड धरून त्यांना बराच वेळ जोर लावावा लागला होता.

"या गाडीत बसायला वाकायचं आणि उठायला क्रेन बोलवायची," फिटर म्हणाला.

"माझे गुडघे घरापासून तेच सांगतायत."

फिटर हसला. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. दुकान एका खोलीचं. खिळ्यांना वायरींची वेटोळी, भिंतीशी स्पीकरच्या जाळ्या, आणि गिऱ्हाइकाला बसायला कुठल्यातरी गाडीतून काढलेली एक सीट. बाई तिच्यावर बसल्या नाहीत. पर्स पोटाशी धरून गाडीच्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"कुणासाठी एवढा थाट?"

"मुलाची हौस. त्याला पिवळी आवडायची, पण मला पिवळी मिळाली नाही. मिळाली ती आणली."

फिटरने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. जुना स्टिरिओ बाहेर ओढून त्याने त्याच्या मागच्या वायरी एकेक सोडवल्या.

"त्यालाच घेऊन यायचं. आजकालची मुलं सगळं आधीच बघून ठरवून येतात."

"तो आता कुठे जात नाही."

"का? रुसलाय?"

"रुसले होते मी," बाई म्हणाल्या. "जेवून जा म्हटलं, तर थांबला नाही. साधीच गोष्ट. मी तोंड फिरवून भांडी घासत बसले. तो दारातून काहीतरी म्हणाला, ते नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मीही विचारलं नाही. हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हापासून बोलणं नाही."

"एवढ्याशा कारणावरून?"

"एवढ्याशाच."

फिटरने मान हलवली. नव्या स्क्रीनचा खोका फोडला. नेव्हिगेशनचा छोटा अँटेना काचेखाली चिकटवला, त्याची वायर आतून फिरवून घेतली. बाई त्याच्या बोटांकडे बघत होत्या, बोलता बोलताही नजर हलत नव्हती.

"आम्ही पहिली गाडी घेतली तेव्हा रस्ता चुकला की काच खाली करून पानवाल्याला विचारायचं," त्या म्हणाल्या. "हा एवढासा होता. दोन सीटांच्या मधे उभा राहायचा आणि वडलांच्या कानात ओरडायचा, डावीकडे, बाबा, डावीकडे. हे म्हणायचे, डोक्याला ताप आहे पोरगा. पण रस्ता कधी चुकला नाही त्याचा."

फिटरने चावी फिरवली. स्क्रीन उजळली, निळी झाली, मग तिच्यावर दुकानाबाहेरचा रस्ता उमटला. त्यातून एका बाईचा थंड, नीटनेटका आवाज म्हणाला, पुढे डावीकडे वळा.

बाईंनी पर्स आणखी घट्ट धरली.

"आवाज बदलून देऊ?"

"असू दे. आता एकच राहिलं. गाडी चालू असतानाही यावर सिनेमाचं चित्र दिसायला हवं."

फिटर सीटखालची वायर ओढत होता. तो थांबला.

"ते नाही होत, ताई. ही वायर बघा. ही हँडब्रेकला जाते. ब्रेक ओढलेला असला तरच चित्र. गाडी हलली की बंद."

"ती वायर नुसती गाडीच्या पत्र्याला जोडून अर्थिंग केली की चालतं म्हणे. दोन मिनिटांचं काम."

"चालतं. मी करत नाही."

"येत नाही का?"

"येतं."

"सगळे करून देतात."

"देऊ देत. त्यांच्याकडे जा. नाही, त्यांच्याकडेही जाऊ नका." तो गाडीतून बाहेर आला. वायर अजून हातातच होती, ताणलेली.

"तुम्हीही आधी करत असाल ना?"

"आधी करायचो. बंद केलं."

"कधी?"

"झाले काही महिने." त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला, पुन्हा वर सरकवला. "थंडीत."

बाहेरून एक टेम्पो गेला. खिळ्यांवरची वेटोळी हलली.

"तो ऐकणार नाही हो," बाई म्हणाल्या. "माझं कधी ऐकलंय त्याने?"

"मग नाही ऐकणार. चार दिवस आदळआपट करेल. करू दे. तुमच्याशी बोलणार नाही, नको बोलू दे. पण घरात तर असेल." फिटरचा आवाज चिरकला. "माणसाची नजर एवढीशी हलते, ताई. पुढे ट्रक उभा असतो, आणि नजर इकडे असते. मी तुमच्या पाया पडतो. दुसरं काहीही सांगा. स्पीकर वाढवून देतो, पदरचे लावतो. हे नका मागू."

तो खरंच वाकला होता. बाईंनी दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले आणि त्याला सरळ केलं. मग कोपऱ्यातल्या त्या सीटवर जाऊन बसल्या. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच बसत होत्या.

"या शहरातली सगळी दुकानं फिरून झाली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी हसत हसत हो म्हटलं. मी 'नाही' म्हणणारा शोधत होते."

फिटरच्या हातातून वायर सुटली.

"मला भांडायचं नाही, दादा. पोलिसांत जायचं नाही. एवढंच सांगा, तो पिवळी गाडी घेऊन इथून निघाला, तेव्हा शेवटचं काय बोलला?"