बॉयलरखान्यातला सोबती

नलूचं लग्न १९६१ सालच्या वैशाखात झालं. त्याआधी महिनाभर तिचा बाप उकंडा खाटेवर पडून होता. ताप होता, खोकला होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याने जेवण सोडलं होतं. राळेगावच्या डॉक्टरने त्याच्या बायकोला, इंदूबाईला, स्पष्ट सांगितलं होतं. छाती जुनीच खराब आहे, पण हा माणूस खाईल तर उठेल. नाही खाल्लं तर मुलीचा मांडव काही त्याला दिसायचा नाही.

उकंडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आरमारात होता. कोळशावर चालणाऱ्या एका जुन्या जहाजाच्या पोटात, भट्टीत कोळसा टाकायचं त्याचं काम. नलू लहान असताना तो तिला सांगायचा, तिथे इतका आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग फावड्याने पत्र्यावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे पाणी दे. दोन म्हणजे मी थकलो, आता तू ये.

तापात तो एकच नाव घेत होता, पूनमसिंग. हा त्याचा भट्टीवरचा जोडीदार, आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरचा. लढाईच्या त्या दिवसांनंतर दोघांची गाठ पडली नव्हती.

इंदूबाईने आर्णीची एसटी धरली. दोन दिवसांनी ती परतली ती पाहुण्याला घेऊनच. उंच माणूस, डोक्याला लाल पागोटं, दाढीत पांढरे केस. दारातच तो घुटमळला. इंदूबाई पुढे झाली आणि म्हणाली, "पाहा कोण आले. तुमचे पूनमसिंगभाऊ."

उकंडा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग पडल्या पडल्या त्याने हात पुढे केला.

"आला का बे? लय उशीर केला."

"तू बलावलंच नाही," पाहुणा म्हणाला. "मी कसा येऊ?"

इंदूबाईने ज्वारीच्या कण्या आणल्या. पाहुण्याने वाटी आपल्या हातात घेतली आणि खाल्लं नाही तर पुढच्या गाडीने परत जाईन म्हणून सांगितलं. उकंडा म्हणाला, जहाजावर माझ्या वाटची डाळ चोरून खायचा आणि आज मोठा वाढायला निघाला. पण त्याने वाटी संपवली. इंदूबाई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती बराच वेळ वळली नाही.

लग्न होईपर्यंत पाहुणा राहिला. दिवसभर तो खाटेजवळ बसायचा. बोलायचा कमी, विचारायचा जास्त. माझं डोकं आता काम करत नाही, तूच सांग, म्हणायचा.

"भट्टीपाशी आपण रातभर गप्पा मारत होतो, आठवते का?" असं तो एकदा म्हणाला.

उकंडाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "आठवते," म्हणाला. "तुही बडबड काही थांबे नाही."

मग उकंडा सांगत गेला. पूनमसिंगने पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाला, एवढं पाणी अन् सारं वाया. एडनच्या बंदरात खजूरवाल्याशी त्याने आपल्या तांड्याच्या गोरबोलीत भांडण केलं. खजूरवाला अरबीत भांडला. शेवटी दोघं एका दगडावर बसून तेच खजूर खात होते. पाहुणा हसता हसता डोळे पुसायचा.

"असं म्हटलं मी?"

"म्हटलं नं बे. साऱ्या जहाजानं ऐकलं."

रोज थोडं सांगणं आणि थोडं खाणं. उकंडा कण्यांवरून भाकरीवर आला. उठून बसायला लागला.

एका दुपारी उकंडाने विचारलं, "तुहा धाकटा भाऊ, डोंगरसिंग, काय करते?"

"वावरात कापसाची पऱ्हाटी करते. मायजवळ राह्यते."

"अन् माय?"

"डोळ्यानं दिसत नाही आता. रोज विचारते."

काय विचारते, ते त्याने सांगितलं नाही. उकंडानेही विचारलं नाही. छताकडे पाहत तो म्हणाला, "वाफेची नळी फुटली तवा तू वरते डेकवर होता. तुले माहीत नसन. आपल्यातला एक पोरगा भाजला."

पाहुणा हळूच म्हणाला, "लय तडफडला का?"

"नाही. वाफ लागली तशी त्याची शुद्धच गेली. मंग एकडाव डोळे उघडले. पानी मांगतलं, मायचं नाव घेतलं. मी पाजलं त्याले, माह्या हातानं. झोपला तसा गेला."

पाहुणा उठून बाहेर गेला. इंदूबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तो गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला तिने पाहिला, आणि सूप खाली ठेवून ती आत निघून गेली.

लग्न साधंच झालं. नलूने पांढरी साडी नेसली होती. पंचशील म्हणताना उकंडा पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि शेवटपर्यंत बसला नाही. जेवणाच्या पंगतीत त्याने बुंदी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाहुणा निघाला. इंदूबाईने भाकरी बांधून दिली. उकंडाने त्याचा हात धरला तो लवकर सोडला नाही.

"डोंगर," तो म्हणाला, "मायले सांगजो. त्याले त्रास झाला नाही."

पूनमसिंग १९४४ च्या उन्हाळ्यात, वाफेची नळी फुटून, जहाजावरच मेला. तेव्हा त्याचं डोकं उकंडाच्या मांडीवर होतं.