झाकणातला बटाटा

बँकेतली पक्की नोकरी सोडून चित्रकथा काढायला लेक घराबाहेर पडली, तेव्हा आई पाठ फिरवून भांडी घासत राहिली होती. आता तीच पाठ लेकीच्या कथेच्या शेवटच्या पानावर होती. पात्रांचे केस शाईने भरायचं खातं हल्ली आईकडे. तिने चित्रातला स्वतःचा अंबाडा इमानेइतबारे काळा केला आणि तिथे हातात असलेल्या स्टीलच्या झाकणावर पेन्सिलीने काहीतरी गिरगटलं. “आई, हे छापायला जायचंय! हा बटाटा कसला?” “बटाटा काय, तू आहेस. बॅग दिसत नाही का?” “मी झाकणात कशाला शिरले?” “त्या दिवशी तेच घासत होते. त्यात दार, जिना, तू, सगळं दिसत होतं. वळून बघशील म्हणून घासतच राहिले.” “मला वाटलं, रागावलीयेस.” “रागावले होतेच. उगाच इतकं चकाकलं का ते?” लेकीने खोडरबर उचललं, खाली ठेवलं आणि बटाट्याला मागे वळून बघणारे डोळे काढले.