तुमच्या पुढे एक जण

नोकरी गेली आणि बेकारी भत्ताही अडकला, म्हणून सकाळपासून भत्त्याच्या कार्यालयाला फोन लावून बसलो होतो. "तुमच्या पुढे एकेचाळीस जण आहेत," रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगत होती. कान पार भाजला. दुपारी पुढे एकच जण उरला आणि मध्येच दुसरा फोन आला. परवा मुलाखत दिलेल्या कारखान्याचा. "निवड झाली तर एकदाच फोन करू. नाही उचललात तर पुढच्याला बोलावू," असं त्यांनी बजावलं होतं.

"अहो, घ्या ना!" बायको म्हणाली.

"आणि हा कालच्यासारखा कट झाला तर? पुन्हा एकेचाळीस!"

घेऊ की नको करता करता तो वाजायचा थांबला. तेवढ्यात कार्यालयातले साहेब लाइनवर आले.

"हं, पहिला प्रश्न. या आठवड्यात चालून आलेलं काम नाकारलंत का?"