माहेरची पाटी

हैदराबादच्या शेठनं खाण बंद केली, तशी डोंगराखालची मजुरांची वस्ती उठून गेली. त्या ओसाड वस्तीमागचा झाडीचा डोंगर आबारावांनी इनामदाराकडून विकत घेतला, तेव्हा भोकरदनच्या बाजारात लोक हसले.

घरी गोपिकाबाई नवऱ्यावर चिडल्याच. "काय करायचंय त्या काट्याकुट्याचं? भुतं हायेत तिथं. तुमी बिलकुल जाऊ नका."

दर दिवाळीला गोपिकाबाईंच्या भावाकडून पिंपळगावाहून सीताफळांची पाटी यायची. आबाराव ती गल्लीभर वाटायचे आणि मेव्हण्याचं तोंड भरून कौतुक करायचे.

दसरा झाल्यावर दोघं डोंगर बघायला गेले. पडक्या झोपड्यांपुढं वाटा फुटल्या, तिथं आबाराव थांबले. गोपिकाबाई मात्र बोलण्याच्या नादात डावीकडं वळल्या आणि खाणीच्या खड्ड्याला वळसा घालून थेट सीताफळांच्या झाडीत जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, वाट त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

"भावाची परिस्थिती न्हाई वो," त्या खाली बघत म्हणाल्या. "सासरी माहेरचं नाव ऱ्हावं म्हणून मीच हितनं पाटी भरून…"

आबारावांनी डोळे उघडलेलं एक सीताफळ तोडलं, फोडून अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं.

"मागल्या साली हितं सीताफळं तोडताना इनामदाराचा रखवालदार तुझ्या मागं लागल्ता, ते म्या बघितलं. तवाच डोंगर घ्यायचं ठरवलं."

उरलेलं अर्धं खात आबाराव पुढं म्हणाले,

"दिवाळीची पाटी मात्र तुझ्या माहेराहूनच यायला पाहिजे."