अजून दिवस हाय

“आजींना ऑपरेशनच्या वेळी जागं ठेवायचं की झोपवायचं?” भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं आणि भरतेशनं नजर दुसरीकडं वळवली.

तसं विचारणं साधंच होतं. त्याच्या आईचा, राजमतीबाईंचा, खुबा मोडला होता. वय ऐंशीच्या पुढं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायचं होतं, त्यामुळं दुखायचा प्रश्नच नव्हता. वर झोपेचं औषध द्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. डॉक्टरांचं मत जागं ठेवावं असं होतं. त्या उशाशी बसून बोलत राहणार होत्या. या वयात झोपेच्या औषधानं कधी कधी नंतर भ्रम होतो, काही दिवस माणूस घरच्यांनाही ओळखत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. राजमतीबाई स्वतःही म्हणाल्या होत्या, जागी ऱ्हाते, णमोकार मंत्र म्हणत पडते. पण पुढच्याच श्वासाला म्हणाल्या होत्या, भरतेशला इचारा, त्यो म्हणंल तसं करा.

आणि भरतेशला तर आई जागी नकोच होती. जागी राहिली की ती बोलणार. उशाशी बसलेल्या बाईजवळ मन मोकळं करणार. मग त्या संध्याकाळचं निघणारच.

त्या संध्याकाळी त्याची बायको दीपाली माहेरी, कराडला गेली होती. आईचा जैन धर्माचा नेम तिच्या स्वतःच्या लग्नाच्या आधीपासूनचा. दिवस मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. तेव्हा वेळेत घरी जा, आईंना वाढ, असं दीपालीनं दोनदा बजावलं होतं. पण हा बाबा बसला की दुकानाच्या कट्ट्यावर निवडणुकीच्या गप्पा हाणत. उठला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. घरी आला तर आई, दीपालीनं जाताना लावून ठेवलेल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, रिकाम्या ताटापुढं बसलेली. मोतीबिंदूनं तिला ऊन काय आणि ट्यूबलाइट काय, सारखंच.

“दिवस हाय का रं?” तिनं विचारलं होतं.

खरं सांगितलं असतं तर ती उद्या उजाडेपर्यंत उपाशी राहिली असती. वर दीपालीचे बोल खावे लागले असते ते वेगळेच. भरतेश म्हणाला, “हाय की. अजून दिवस हाय. जेव निवांत.”

ती जेवली. पोटभर जेवली. मग रोजच्यासारखी उतरत्या उन्हात बसायला म्हणून भिंतीला धरून अंगणाकडं निघाली. दिवस असल्यावर हाक कशाला मारायची कुणाला? अंधारात पायरी चुकली. आवाज ऐकून तो धावला, तिला उचललं, तेव्हा कण्हत कण्हत तिनं एकच विचारलं, एवढ्यात अंधार कसा पडला. त्यानं उत्तर दिलं नाही. सांगलीच्या दवाखान्यापर्यंत गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, तरी दिलं नाही. आईचं हाड मोडलं आणि नेमही मोडला, दोन्ही आपणच मोडलं, हे त्याच्या तोंडून निघेना.

“काय करू या मग?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“झोपवाच. आई लय घाबरट हाय,” भरतेश म्हणाला.

धडधडीत खोटं. ती बाई बाळंतपणालासुद्धा कधी ओरडली नव्हती. डॉक्टरांनी त्याच्याकडं जरा रोखून पाहिलं, पुन्हा एकदा समजावलं, पण तो हट्टाला पेटला होता. शेवटी आईला विचारलं, तर ती भरतेशच्याच शब्दावर राहिली. मग डॉक्टरांनी अगदी थोडं औषध दिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. जागी झाल्यावर मात्र राजमतीबाई कुणालाच ओळखेनात. सुनेला नर्स म्हणाल्या, नर्सला नणंद. ऑपरेशनचा ताणही असेल, औषधही असेल, हे उतरतं, धीर धरा, असं डॉक्टर सांगत होत्या. भरतेशला मात्र कारण ठाऊक होतं. त्याला आरशात स्वतःचं तोंड बघवेना.

त्यात आईनं अन्नपाणी सोडलं. घास पुढं केला की विचारायची, दिवस हाय का? हाय म्हटलं की ओठ घट्ट मिटायची. दीपालीनं सांगून पाहिलं, नर्सनं सांगून पाहिलं, डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं. कुणाचंच खरं वाटेना. सलाईनवर किती काढणार?

मग एका दुपारी भरतेश ताट घेऊन बसला. मुगाची आमटी, मऊ भात. खिडकीतून पलंगावर कडक ऊन आलं होतं. त्यानं आईचा हात उचलून त्या उन्हात ठेवला. आज जेवली, तर तिला सगळं सांगून टाकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

“आई, दिवस हाय. ऊन लागतंय बघ हाताला. देवाशप्पथ, दिवस हाय.”

तिनं हात काढून घेतला. परक्या माणसाकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं. मग अगदी अदबीनं, समजुतीच्या सुरात म्हणाली,

“आवं पावणं, तुमच्यावर अविश्वास न्हाई. पर माझ्या भरतेशला तेवढं बोलवा. त्यो म्हणला दिवस हाय, तर जेवते मी. त्यो मला कवाच खोटं सांगत न्हाई.”