घरी वाचून या

“आंघोळ केली की धुऊन जातं ना ते, काका?” खुर्चीतल्या मुलानं आरशात बघत हळूच विचारलं. त्याच्या लग्नाला दोनच महिने झाले होते.

अण्णांनी वस्तऱ्यात नवं पातं घातलं. “गुप्तरोग धुऊन गेला असता तर डॉक्टर उपाशी मेले असते. उद्या सरकारी दवाखान्यात जा. बायकोलाही ने, तिला त्रास नसला तरी. बरं होईपर्यंत जवळ जायचं नाही, आणि पुढं निरोध वापरायचा.”

मी वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानाच्या दारात उभी होते. बाकावरच्या गिऱ्हाइकांसमोरच मी म्हणाले, “अण्णा, काय चावट बोलता! लाज नाही वाटत?”

“तुला वाटते तेवढी दोघांना पुरेल,” ते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधीच, अण्णा हृदयविकारानं गेले.

दहाव्याला नदीवर तोच मुलगा बायकोला घेऊन आला. मला बाजूला बोलावून म्हणाला, “ताई, तपासणीत दोघांनाही निघालं. औषध घेतलं, आता बरं आहे. काका बोलले नसते तर हिचं कळलंच नसतं.” त्याच्या बायकोनं माझा हात धरला.

मागच्या पायरीवर माझे चुलते कुणाला तरी सांगत होते, “माणूस सोन्यासारखा. पोरांशी चावट बोलायचा, तेवढंच एक वाईट.”

तो शब्द माझाच होता. मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चावट नव्हते, तात्या. अण्णा शिकवत होते. मी कॉलेजात जीवशास्त्राची बाई आहे, आणि दरवर्षी हाच धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देते.”